दाराच्या चौकटीवरच्या रेघा

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत. दर पाडव्याला मुलांना तिथं टाच टेकवून उभं करायचं, डोक्यावर पट्टी आडवी धरायची, रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची, अशी आमच्याकडची पद्धत. यंदा धाकटीची रेघ मारली. वळून बघते तर दादाची त्याच वयाची रेघ तिच्या रेघेच्या चांगली चार बोटं वर! पोरीचं तोंड एवढंसं झालं. "आई, मी बुटकीच राहणार का गं?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "आपल्याकडच्या बायका बुटक्याच. रक्तातच आहे ते." आणि संध्याकाळी शेजारच्या वहिनी उंची वाढवायच्या पावडरीची जाहिरात घेऊन हजर. तीन महिन्यांत तीन इंच म्हणे!

मी आपली मराठी-इतिहासाची बी. ए. पण दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञानाच्या बाईंना गाठलं आणि विचारलं, खरंच किती रक्तातलं आणि किती ताटातलं? त्यांनी दोन-तीन मधल्या सुट्ट्या खर्च करून जे सांगितलं, ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

रक्तातलं खूप आहे, हे आधी कबूल करू या. २०२२ साली शास्त्रज्ञांनी जवळजवळ ५४ लाख माणसांची माहिती एकत्र करून उंचीशी संबंध असलेल्या जनुकांच्या जागा शोधल्या. किती सापडल्या? १२,१११! म्हणजे उंची ठरवणारं असं एकच जनुक नाही. हजारो ठिकाणचा कणकण फरक मिळून माणूस उंच किंवा ठेंगणा होतो. पोटभर खाणाऱ्या समाजात माणसामाणसांतल्या उंचीच्या फरकाचा सुमारे ऐंशी टक्के भाग आनुवंशिकतेचा असतो. मुलीच्या उंचीचा अंदाज घ्यायला डॉक्टर एक सोपं गणित करतात. आई-वडिलांच्या उंचीची बेरीज करायची, त्यातून १३ सेंटिमीटर वजा करायचे आणि निम्मे करायचे. (मुलासाठी १३ मिळवायचे.) आमचे हे १६८, मी १५२. धाकटीचं उत्तर आलं साडेत्रेपन्न, म्हणजे १५३.५. त्यातही आठ-नऊ सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतात.

"मग सासूबाईंचंच खरं की!" मी म्हटलं. तर बाई हसल्या. म्हणाल्या, "एका घरातला फरक वेगळा आणि दोन देशांतला वेगळा."

हे मला कळलं ते इडल्यांवरून. एका घाण्यातल्या इडल्या बघा. पीठ एकच, वाफ एकच, तरी एखादी बसकी निघते, कारण साच्याची ती वाटी उथळ असते. पण पौषातल्या थंडीत पीठ फुगलंच नाही तर अख्खा घाणाच चपटा निघतो. तेव्हा आपण वाट्यांना बोल लावतो का? पात्र तर तेच आहे! एका घाण्यातला फरक वाट्यांचा आणि दोन घाण्यांतला पिठाच्या फुगण्याचा.

कोरियाचं उदाहरण घ्या. १८९६ साली जन्मलेली दक्षिण कोरियातली बाई सरासरीनं १४२ सेंटिमीटरच्या आसपास होती. आपल्याकडच्या बुटक्या म्हणवणाऱ्या बायकांपेक्षाही लहान. आणि १९९६ साली जन्मलेली? १६२! शंभर वर्षांत वीस सेंटिमीटर. जगातल्या कुठल्याही देशातल्या बायका एवढ्या वाढल्या नाहीत. शंभर वर्षं म्हणजे चार-पाच पिढ्या. तेवढ्यात रक्त बदलत नाही, बदललं ते ताट, पाणी आणि दवाखाना. उत्तर कोरियात माणसं तीच, भाषा तीच, पणजोबा तेच. पण १९४५ नंतर देशाचे दोन भाग झाले आणि १९९० च्या दशकात उत्तरेत मोठा दुष्काळ पडला. तिथून पळून आलेल्या माणसांची उंची मोजली तर ती दक्षिणेतल्या भाऊबंदांपेक्षा काही सेंटिमीटरनी कमी भरली.

म्हणजे दोन समाजांतला फरक कधीच रक्ताचा नसतो का? असतोही. आफ्रिकेतच बघा, सुदानकडचे डिंका लोक ताडमाड आणि मध्य आफ्रिकेच्या जंगलातले बाका लोक ठेंगणे. बाकांचं ठेंगणेपण हजारो वर्षांच्या जंगलवासातून आलेलं आहे. ते का आलं, दाट झाडीत हिंडायला सोपं म्हणून, उष्म्यापायी की लवकर वयात येण्यामुळे, यावर पंडितांचे वाद चालूच आहेत. पेरू देशातल्या काही लोकांत एका जनुकाचा असा प्रकार सापडला की त्याची एक प्रत असली तर उंची दोन सेंटिमीटरहून थोडी जास्त कमी होते आणि दोन असल्या तर त्याच्या दुप्पट. हे २०२० सालचं संशोधन. पण अशी ठळक उदाहरणं थोडी. उत्तर युरोपातली माणसं दक्षिणेतल्यांपेक्षा उंच आहेत ती निसर्गाच्या निवडीमुळे, असं २०१२ साली मोठ्या विश्वासानं मांडलं गेलं होतं. २०१९ मध्ये अधिक चांगल्या माहितीवर तोच हिशेब पुन्हा केला, तेव्हा त्या पुराव्यातलं बरंचसं विरून गेलं. शास्त्रज्ञांनी आपली चूक आपणच छापली, हे मला फार आवडलं. आपल्या घरांत कोण करतं असं?

आता आपल्याकडे वळते. भारतातली मुलं आफ्रिकेतल्या जास्त गरीब देशांतल्या मुलांपेक्षाही सरासरीनं बुटकी का, हे कोडं पुष्कळ दिवस होतं. पुष्कळांनी सासूबाईंसारखंच उत्तर दिलं, रक्त! सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या दोघींनी दीड लाखाहून जास्त मुलांची मापं तपासली आणि २०१७ साली निष्कर्ष छापला. आपल्याकडचं पहिलं मूल आफ्रिकेतल्या पहिल्या मुलापेक्षा बुटकं नसतंच. घसरण सुरू होते ती दुसऱ्यापासून आणि पुढच्या प्रत्येक मुलाबरोबर वाढत जाते. थोरला मुलगा सगळ्यांत फायद्यात. आता सांगा, एकाच आईबापांच्या पोटी जन्माच्या क्रमानं रक्त पातळ होत जातं का?

दुसरी पाहणी तर जावाजावांची! डायन कॉफी, रीतिका खेरा आणि डीन स्पीअर्स यांनी खेड्यांतली एकत्र कुटुंबं पाहिली. एकच घर, एकच चूल, मुलांचे आजी-आजोबा तेच. तरी धाकट्या जावेची मुलं थोरलीच्या मुलांपेक्षा सरासरीनं बुटकी. कारण धाकटीला घरात शब्द नाही आणि तिच्या अंगावर मांसही कमी.

हे मी घरी वाचून दाखवत होते. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आम्ही पाच बहिणी, मी पाचवी. माझ्या पाठीवर बाळू. दूध बाळूचं असायचं."

मैत्रिणींनो, त्या रात्री मी माझा हिशेब मांडला. दादाच्या वेळी मी माहेरी तीन महिने होते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सगळं साग्रसंगीत. धाकटीच्या वेळी दीड महिन्यात परत आले आणि लाडवांचा डबा पाहुण्यांत संपला. दिवस राहिले होते तेव्हाही सगळ्यांची पानं झाल्यावर उरेल ते खात होते. कुणी सक्ती केली नव्हती, मीच करत होते. आणि आज दादाला पेला भरून दूध, धाकटीला अर्धा. का? तर तिला दूध आवडत नाही. हे तिनं कधी सांगितलं ते मात्र मला आठवेना.

पावडर आणली नाही. हाडांच्या टोकांशी वाढीची मऊ कूर्चा असते, ती एकदा हाडात बदलली की कोणताही डबा उंची वाढवत नाही. मुलींची उंची पाळी सुरू झाल्यावर पाच-सात सेंटिमीटर वाढते आणि दोनेक वर्षांत थांबते. म्हणजे जे घालायचं ते त्याच्या आधी पोटात गेलं पाहिजे: डाळी, दूध, अंडी, शेंगदाणे. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. चारही वाढत नसेल तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉईडसारखं एखादं कारण असतं आणि त्यावर उपाय असतो. माप मात्र दर वेळी त्याच भिंतीशी, अनवाणी आणि वेणी सोडून घ्या.

सध्या आमच्याकडे दोन पेले सारखे भरतात. धाकटी कुरकुरते, पण दुधाबद्दल नाही, सायीबद्दल. साय आता सासूबाई काढून घेतात.