सेवेचे प्रमाणपत्र आणि राऊची टेकडी

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत 'कॅट' म्हटले की एके काळी राजेंद्रनगरपलीकडचे प्रगत तंत्रज्ञान केंद्र समजले जाई. १९८४ साली त्याचा पाया घातला गेला आणि २००५ पासून ते राजा रामण्णांच्या नावाने ओळखले जाते. महूच्या दिशेने थोडे पुढे गेले, की राऊ लागते. १९९६ साली स्थापन झालेली भारतीय व्यवस्थापन संस्था तेथील टेकडीवर उभी आहे. आज आमच्या घरांतून 'कॅट' म्हटले, की त्या टेकडीवर चढू देणारी प्रवेशपरीक्षाच डोळ्यांपुढे येते. अक्षरे तीच राहिली, अर्थ पालटला. याला आमची हरकत नाही. परंतु 'सेवा' या दुसऱ्या एका शब्दाचा अर्थही आपल्याच घरांत निमूटपणे पालटत आहे, आणि त्याला मात्र आमची सक्त हरकत आहे.

सध्याची रीत अशी. पदवी हाती आलेला मुलगा किंवा मुलगी नेपाळात, कंबोडियात किंवा आफ्रिकेतील एखाद्या देशात चार-सहा आठवड्यांसाठी 'स्वयंसेवक' म्हणून जाते. मध्यस्थ संस्थेला त्यासाठी भरभक्कम शुल्क दिले जाते. सामानात प्रवेशपरीक्षेची पुस्तके असतात. सकाळी परक्या मुलांना इंग्रजी शिकवायचे, दुपारपासून आकडेमोड आणि उताऱ्यांचा सराव करायचा. परतताना एक प्रमाणपत्र मिळते आणि ते प्रवेशाच्या अर्जाला जोडले जाते. मुलाखतीत त्यावर दोन प्रश्न विचारले गेले, की पालकांचे पैसे वसूल! आम्ही राज्य शासनाच्या सेवेत आयुष्य काढले. अर्जास जोडलेली प्रमाणपत्रे आणि प्रत्यक्ष काम यांत किती अंतर असते, हे आम्हांस कोणी नव्याने सांगावयास नको.

या रीतीचे नुकसान केवळ नैतिक नाही. नेपाळातील बालगृहांविषयी युनिसेफसारख्या संस्थांनी वारंवार इशारा दिला आहे, की तेथील बहुसंख्य मुलांचे आई-वडील, निदान दोघांपैकी एक तरी, हयात असतात. पैसे भरून येणारे परदेशी पाहुणे वाढले, की त्यांना दाखविण्यासाठी मुले लागतात आणि मग ती खेड्यांतून आणली जातात. आपल्या लेकराच्या अर्जातील एका ओळीसाठी दुसऱ्याचे लेकरू घरापासून तुटत असेल, तर त्या ओळीला सेवा म्हणणे हा भाषेचाही अपमान आहे.

मग परदेशी सेवेस जाणे आणि पुढील शिक्षणाची तयारी करणे यांचा मेळच बसू नये काय? बसावा. पण तो कसा बसतो, हे पाहण्यासाठी आपल्याच माणसाकडे पाहावे. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून उत्तीर्ण झाले होते आणि पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करीत होते. तेव्हा जपानी आक्रमणाखाली होरपळणाऱ्या चीनला वैद्यकीय पथक पाठविण्याचे राष्ट्रीय सभेने ठरविले. पाच डॉक्टरांचे ते पथक त्या वर्षीच्या सप्टेंबरात निघाले. त्यांत दोघे मराठी होते, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस. कोटणीसांनी अभ्यास गुंडाळून ठेवला, चिनी भाषा शिकून घेतली, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या आणि १९४१ मध्ये डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. इतर चौघे परतले, कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले.

प्रत्येकाने कोटणीस व्हावे, असे आमचे म्हणणे नाही. तशी अपेक्षा करणारा मनुष्य स्वतःच्या मुलाला आधी विचारील! मुद्दा क्रमाचा आहे. सेवा आणि परीक्षा यांचा ओढा दोन दिशांना लागला, तेव्हा कोटणीसांनी परीक्षेला थांबविले. आज आपण सेवेला आखडतो. सहा महिन्यांचे काम सहा आठवड्यांवर आणतो, त्यांतलाही अर्धा दिवस अभ्यासाला काढतो आणि ज्यांच्या दारी गेलो, त्यांची भाषाही शिकत नाही. अठराव्या शतकात होळकरांमागोमाग माळव्यात उतरलेल्या आपल्या पूर्वजांना भाषेची किंमत ठाऊक होती. ज्यांनी माळवी कानात साठवली, ते येथले झाले. ज्यांना ती आली नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या पाहुणेच राहिले.

येथवर आम्ही घरांना दोष दिला. परंतु सगळा दोष घरांचा नाही. ज्याला खरोखर वर्ष-दोन वर्षे बाहेर जाऊन काम करावयाचे आहे, त्याची वाट आपल्या परीक्षेच्या नियमांनीच अडविली आहे. कॅटचा निकाल एकाच प्रवेशवर्षापुरता चालतो. परीक्षा वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात होते आणि तिची केंद्रे केवळ भारतातील शहरांत असतात. म्हणजे केनियातील शाळेत वर्षभर शिकविणाऱ्या तरुणाने एक तर ऐन सत्रात मुलांना सोडून दोन तासांच्या परीक्षेसाठी विमानाने यावे, नाही तर वर्ष गमवावे. उलट पाश्चात्य विद्यापीठांत चालणाऱ्या जीमॅट आणि जीआरई या परीक्षांचे गुण पाच वर्षे ग्राह्य असतात. निघण्यापूर्वी परीक्षा द्यावी आणि निश्चिंत मनाने कामास लागावे. अमेरिकेच्या १९६१ साली स्थापन झालेल्या शांतिदलात तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दोन वर्षांची सेवा असते आणि परतलेल्यांसाठी तेथील अनेक विद्यापीठे १९८५ पासून खास शिष्यवृत्त्या देत आली आहेत. त्या देशाचे सारेच अनुकरणीय आहे, असे नव्हे. पण सेवा करून आलेल्याला दार उघडे ठेवणे, एवढे तरी त्यांच्याकडून घ्यावे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. कॅटला दरवर्षी तीन लाखांच्या आसपास उमेदवार नाव नोंदवितात आणि क्रम त्या-त्या वर्षीच्या उमेदवारांतच लागतो. मग एका वर्षीचे गुण दुसऱ्या वर्षी कसे चालवावेत? आक्षेप खोटा नाही, पण निरुत्तर करणाराही नाही. अभियांत्रिकीची गेट परीक्षा आपल्याच देशाची, तीही लाखो विद्यार्थी देतात आणि तिचे गुण तीन वर्षे धरले जातात. परदेशी केंद्रांचे म्हणाल, तर वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा २०२१ मध्ये कुवेत व दुबई येथे घेण्यात आली आणि २०२४ मध्ये तिची परदेशांतील केंद्रे चौदा शहरांत होती. जे डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी जमते, ते व्यवस्थापक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी जमू नये, हे व्यवस्थापनाच्याच संस्थांना शोभत नाही.

राऊच्या संस्थेबद्दल तर आम्हांस विशेष आशा आहे. प्रवेश मिळालेल्या आपल्या विद्यार्थ्यांना ती मध्य प्रदेशातील खेड्यांत राहून पाहणी करण्यास पाठविते. हा उपक्रम स्तुत्य आहे. परंतु टेकडीवर चढल्यानंतर जे संस्काराचे साधन मानले जाते, ते चढण्यापूर्वी अडथळा का ठरावे? गुणांची मुदत निदान तीन वर्षांची करावी आणि प्रवेश मिळालेल्याने दीर्घ सेवेसाठी मुदत मागितल्यास त्याची जागा राखण्याचा उघड, सर्वांना सारखा नियम असावा. त्यासोबत एक अट आम्हीच सुचवितो: वर्षाच्या आतील, शुल्क भरून मिळविलेल्या 'सेवे'ला निवडीत शून्य किंमत द्यावी. मागणी संपली, की हा बाजार आपोआप उठेल.

तोवर घरांनी काय करावे? ज्या मुलाला परीक्षाच द्यावयाची आहे, त्याने ती निर्धास्त द्यावी, त्यात कमीपणा कसला? त्याला सेवेचे उसने वस्त्र नेसवू नका. ज्याला सेवेची ओढ आहे, पण वेळ थोडा आहे, त्याने समुद्र ओलांडू नये, आपल्या खंडवा रस्त्यावरचे कस्तुरबाग्राम जवळ आहे. आणि ज्याला खरोखर दूर जावयाचे आहे, त्याने निदान वर्षभरासाठी जावे, भाषा शिकावी आणि दिवसाचे काम ज्याचे त्याला द्यावे. अभ्यास रात्रीच्या स्वतःच्या तासांत होईल तेवढा करावा. गणिताचा पाया घरूनच पक्का करून निघावे, वाचनाला तर कुठलीही ओसरी पुरते. अशा मुलाचे एक वर्ष 'फुकट' गेले म्हणून सुस्कारे टाकणाऱ्या नातलगांना घरच्या वडीलधाऱ्यांनीच गप्प करावे.

दोहोंपैकी कोणाला तरी तडजोड करावीच लागणार. ती परीक्षेने करावी, सेवेने नव्हे. कारण परीक्षा पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा येते. ज्या मुलांसमोर आपण शिक्षक म्हणून उभे राहिलो, त्यांचे ते वर्ष मात्र पुन्हा येत नाही.