मंदीतच पिढी बदलते

तळोजाच्या चिप कारखान्याला राज्य मंत्रिमंडळाच्या उपसमितीने सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली. टॉवर ही चिप कंपनी आणि अदानी समूह यांचा हा प्रकल्प 83,947 कोटींचा. पुढे 2025 मध्ये मागणीची खात्री वाटत नसल्याने बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या, आणि लोक म्हणू लागले, ‘बरंच झालं, मागणी नसताना यंत्रांवर पैसा घालायचा कशाला?’ हा युक्तिवाद साफ चुकीचा आहे.

चिपचा कारखाना जन्मभर एकच माल काढतो, असे त्यात गृहीत धरलेले आहे. तैवानच्या टीएसएमसीने 5 नॅनोमीटर पिढीची काही यंत्रे 3 नॅनोमीटरकडे वळवली, कारण दोन्हींची बरीचशी यंत्रसामग्री सारखीच असते. पण वळवायचे तर यंत्र थांबवावे लागते, नव्याने जुळवावे लागते, चाचणीच्या चकत्या काढून निर्दोष चिपांचे प्रमाण महिनोन्महिने वाढवत न्यावे लागते. ऑर्डरी तुंबलेल्या असताना हे कोण करील? ऐन हंगामात इंजिन उतरवणारा नाखवा आमच्या वेसाव्यात सापडायचा नाही. ते काम 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारी बंदीत, होडी किनाऱ्यावर असतानाच होते. मंदीत यंत्र रिकामेच असते, घसारा मात्र चालू राहतो. बदल सर्वांत स्वस्त पडतो तो तेव्हाच.

2001 मध्ये संगणकांची मागणी कोसळली. इंटेलचा नफा 10.5 अब्ज डॉलरवरून 1.3 अब्जांवर आला. तरीही त्या वर्षी कंपनीने 7 अब्जांहून अधिक भांडवली खर्च केला, 0.13 मायक्रॉनचे तंत्र आणले, किमती उतरवून पेंटियम 4 पुढे रेटला. 2022 मध्ये मागणी मंदावताच टीएसएमसीने तैवानमधल्या काओश्युंगची 7 नॅनोमीटरची योजना लांबणीवर टाकली. आज तिथे 2 नॅनोमीटर आहे.

एक आक्षेप मात्र खरा आहे. जुनी पिढी घाईने मोडली तर पुढे अडचण होते. 2025 मध्ये इंटेलला जुन्याच पिढीच्या क्षमतेचा तुटवडा पडला, कारण ग्राहक जुने प्रोसेसर मागत होते. म्हणून किती यंत्रे वळवायची, याचे माप हवे. यंत्रे वळवूच नयेत, असे त्यातून निघत नाही.

टॉवरचा भर मुळात अॅनालॉग चिपांवर, म्हणजे वीज-नियंत्रण, संवेदक, रेडिओ यांवर. या चिपा वर्षानुवर्षे विकल्या जातात, म्हणून तिथे जुनी पिढी एकदम मोडून चालणार नाही. तेव्हा बोलणी पुन्हा सुरू झाली तर सरकारने अनुदानाआधी विचारावे: कोणती यंत्रे कोणकोणत्या पिढ्यांना चालतील, आणि मंदीतला घसारा कोण सोसणार? याचे उत्तर करारात लिहून घ्यावे.