रामटेकच्या वाटेवरील जपानी बुद्धमंदिर

कार्तिकी पौर्णिमा जवळ आली की कळमना परिसरातील भाविक घरांना रामटेकचे वेध लागतात. बाजार समितीच्या आवारात आंबिया बहाराच्या संत्र्यांची आवक चालू असते, तुळशीविवाहाची गडबड सरत आलेली असते आणि त्रिपूर पाहण्यासाठी मंडळी गडमंदिराची वाट धरतात. ही वाट कामठीवरून जाते. त्या कामठीतच एका जपानी भगिनीच्या श्रद्धेतून उभे राहिलेले बुद्धमंदिर आहे. आपल्यापैकी कित्येक जण तेथे थांबतच नाहीत. जे थांबतात तेही बहुधा छायाचित्र काढून पुढे निघतात. पर्वकाळाच्या निमित्ताने याविषयी चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटते.

'ड्रॅगन पॅलेस' या नावाने ओळखले जाणारे हे मंदिर श्रीमती नोरिको ओगावा यांच्या साहाय्याने आणि कामठीच्या सुलेखाताई कुंभारे यांच्या पुढाकाराने १९९९ साली साकार झाले. आत चंदनकाष्ठात कोरलेली भगवान बुद्धांची मूर्ती आहे. घंटानाद नाही, गर्दीची रेटारेटी नाही. जे आहे ते ध्यानास बसणाऱ्यासाठी. जपानमधील तीर्थस्थाने पाहण्याचा योग आपल्यापैकी थोड्यांनाच येईल. पण त्या उपासनेची शांतता अनुभवण्यास कळमन्याच्या रहिवाशाला सकाळचे दोन प्रहर पुरेत.

जपान आणि भारत यांचा हा ऋणानुबंध आजकालचा नव्हे. इसवी सन ७५२ मध्ये नारा येथील तोदाईजी मंदिरातील महाबुद्धमूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी झाला, तो बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते. आपली सरस्वती तेथे बेंझाईतेन या नावाने पूजिली जाते, गणपतीला कांगितेन म्हणतात, आणि शिंगोन पंथाच्या मंदिरांत आपल्या होमाचेच रूप असलेला 'गोमा' आजही प्रज्वलित होतो. विदर्भापुरते बोलावयाचे तर जपानी भिक्षू निचिदात्सु फुजी हे १९३३ साली वर्ध्यास गांधीजींना भेटले. सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा त्यांच्या पंथाचा मंत्र पुढे आश्रमाच्या प्रार्थनेत आला. त्या मंत्राचा पहिला शब्द म्हणजे आपल्याच 'नमो'चे जपानी रूप होय.

तथापि हे सारे वाचून कोणी म्हणेल, "म्हणजे सगळे आपलेच की!" नेमक्या येथेच आम्हांस वाचकांना सावध करावयाचे आहे. दाराशी उभे राहून "बुद्ध हा आमच्या विष्णूचा नववा अवतार" असे सांगण्याची आपल्या घरांत रीत आहे, आणि सांगणाऱ्याचा हेतूही बहुधा चांगलाच असतो. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, याच नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत बुद्धाला विष्णूचा अवतार न मानण्याची प्रतिज्ञा आहे. ज्यांना शतकानुशतके आपण आपल्या देवळाच्या पायरीशी रोखले, त्यांनी स्वकष्टाने धर्माचे घर उभारले. आता त्या घरावरही आपलाच हक्क सांगणे ही भक्ती नव्हे. पाहुण्याने यजमानाच्या घरी मालकी सांगू नये, हा साधा गृहस्थधर्म येथेही लागू पडतो.

म्हणून जावे, अवश्य जावे. पण पाहुण्यासारखे जावे. पादत्राणे बाहेर ठेवावीत, मुलांना हळू बोलावयास सांगावे, मूर्तीसमोर नारळ फोडण्याचा किंवा हळदकुंकू वाहण्याचा आग्रह धरू नये. फूल वाहावयाचे झाल्यास आधी तेथील सेवेकऱ्यांना विचारावे. ज्यांना पुढे कधी जपानला जाण्याचा योग येईल, त्यांनी एवढे ध्यानी ठेवावे की तेथील शिंतो देवस्थान आणि बौद्ध मंदिर ही वेगवेगळी आहेत. देवस्थानाच्या वाटेवर तोरी नावाची कमान असते. तेथे हात व तोंड धुऊन दोनदा नमन, दोन टाळ्या आणि पुन्हा एक नमन, अशी सर्वसाधारण रीत आहे. बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवीत नाहीत. केवळ हात जोडतात. ज्या घरची जी रीत, ती पाळण्यातच आदर असतो.

घरातील वडीलधाऱ्यांस शंका येईल की रामरायाच्या दर्शनास निघालेल्याने वाटेत दुसऱ्या मंदिरात जावे काय? तिचे उत्तर याच भूमीच्या इतिहासात आहे. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता परम विष्णुभक्त होती. तिने रामगिरिस्वामींच्या चरणांपासून, म्हणजे आजच्या रामटेकहून, ताम्रपट दिला. त्याच वाकाटकांच्या वाशीम शाखेतील हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे बुद्धचरणी अर्पण केले. एका घराण्याच्या छत्राखाली दोन्ही श्रद्धा नांदल्या, आणि कोणाचीही निष्ठा त्यामुळे उणावली नाही.

यंदा रामटेकला निघताना तासभर आधी घर सोडावे. कामठीला थांबावे, मूर्तीसमोर काही क्षण नि:शब्द बसावे, आणि उठताना शेजारी बसलेल्या उपासकाला त्याच्या रीतीने 'जयभीम' म्हणून नमस्कार करावा. मग कन्हान ओलांडून रामटेकचा गड चढावा. त्रिपुराच्या ज्योती उजळतील तेव्हा रामरायापुढे जोडलेले हात अधिक नम्र झालेले असतील, अशी आमची श्रद्धा आहे.