गाणे जुने, देणे जिवंत

जुने गाणे इंटरनेटवरून चार रसिकांना वाटले, तर कोणाचे काय बिघडले, असे सुशिक्षित मंडळीही विचारतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे उत्तर निराळे आहे. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. परंतु शब्द व चाल यांवरील हक्क कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. ग. दि. माडगूळकर १९७७ साली निवर्तले; त्यांच्या शब्दांवरील हक्क म्हणूनच २०३७ अखेरपर्यंत अबाधित राहील. नफा घेतला नाही, एवढ्याने जाणूनबुजून केलेला हक्कभंग निर्दोष ठरत नाही. फार तर शिक्षा सौम्य होऊ शकते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना स्वामित्वधनाचा वाटा दिला खरा; पण फुकट वाटलेल्या गाण्यातून तो यावा कसा? ज्यांच्या शब्दांनी आपली घरे भारली, त्यांच्या वारसांचे देणे बुडविणे ही रसिकता नव्हे.