कागदांचा साप आणि टबातलं कासव

माझी मामेबहीण बडोद्याला दिली आहे. विश्वामित्री नदीपासून चालत दहा मिनिटांवर तिचं घर. सासरे, म्हणजे अण्णा, जुन्या संस्थानी वळणाचे. सकाळी सयाजीबागेत फेरी, दुपारी शब्दकोडं, संध्याकाळी देवापुढे दिवा. 2025 च्या जानेवारीत मी तिथे गेलो तेव्हा घरात एक भांडण ऐन रंगात आलं होतं. भांडणाचं कारण होतं एक साप. माझं म्हणणं असं की भांडण व्हायलाच हवं होतं, पण सापावरून नव्हे, कासवावरून! ते कसं, तेच आज सांगायचं आहे.

झालं असं की माझा भाचा कमवायला लागला आणि त्याने एक बॉल पायथन आणला. आफ्रिकेतला छोटा अजगर. बिनविषारी. घाबरला की स्वतःचं डोकं मध्ये घेऊन चेंडूसारखा गोळा होतो, म्हणून हे नाव. भाच्याच्या खोलीत काचेची पेटी, पेटीत ऊब नेमकी ठेवणारं यंत्र, लपायला एक उलटं मडकं आणि पाण्याचं भांडं. आठवड्या-दहा दिवसांनी एक उंदीर, बाकी वेळ महाराज मडक्याखाली. पण अण्णांनी त्या खोलीत पाऊल टाकणं सोडलं होतं. "अहो पाहुणे, तुम्हीच सांगा, घरात कुणी साप पाळतं का?" हा प्रश्न मला चहाच्या आधी विचारला गेला.

आणि हे विचारताना अण्णा मागच्या ओट्यावर एका निळ्या प्लास्टिकच्या टबात पोळीचे तुकडे टाकत होते. टबात कासव होतं.

ते कासव माझ्या ओळखीचं. 2018 साली बडोद्याला मराठी साहित्य संमेलन झालं, त्यासाठी मी गेलो होतो, तेव्हाही ते होतं. तेव्हा वाटीएवढं, आता ताटलीएवढं. टब मात्र तोच. कुठल्याशा पावसाळ्यात अंगणात आलं, अण्णांनी ते उचललं, आणि "लक्ष्मी आली" म्हणून ठेवून घेतलं. पोटाखाली कातडी झडपा असलेलं, मागचे पाय आत घेतले की झडप मिटून घेणारं हे आपल्या तळ्या-नद्यांतलं साधं कासव. त्याला उन्हात पडायला कोरडी जागा लागते, अंग पुरायला चिखल लागतो. गोगलगायी, किडे, मेलेले मासे हे त्याचं अन्न. या टबात चिखल नव्हता, ऊन नव्हतं, होती पोळी. पाठीवर पांढरे चट्टे उठले होते.

मी भाच्याला विचारलं, "तुझ्या सापाचे काही कागद आहेत का रे?" तो हसला. "आहेत ना मामा, काही वांधा नाही." त्याने फाइल काढली. घेतल्याची पावती होती. 2024 साली केंद्र सरकारने परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आणले, त्यानुसार परिवेश पोर्टलवर केलेली नोंदही होती. आंतरराष्ट्रीय व्यापारावर ज्यांच्या बाबतीत नियंत्रण आहे असा प्राणी घरात असेल तर तो सांगावा लागतो. त्याला पिल्लं झाली, तो मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवावं लागतं.

मग मी अण्णांकडे वळून विचारलं, "आणि अण्णा, कासवाचे?"

अण्णा गप्प. कारण कासवाचे कागद असूच शकत नाहीत. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. हे कासव त्यातल्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला! ते घरात ठेवणं हा गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद. गंमत बघा, ज्या सापावरून घर पेटलं होतं तो कायद्याने राहत होता, आणि ज्याला लक्ष्मी म्हणत होते ते आपल्याला तुरुंगात नेणारं होतं.

आपल्या लोकांचं या दोन प्राण्यांशी नातं मोठं विचित्र आहे. आमच्या गोव्यात सांतेरी म्हणजे वारूळच. गाभाऱ्यात मातीची रोयण वाढते आणि आपण तिला देवी म्हणून हात जोडतो. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, 'जनावर' म्हणायचं, हे आजीने शिकवलेलं. बडोद्यात तर नागाची पूजा वर्षातून दोनदा होते. मराठी घरांत श्रावण शुद्ध पंचमीला आणि शेजारच्या गुजराती घरांत पंधरा दिवसांनी वद्य पंचमीला. पण पूजेच्या दुसऱ्या दिवशी अंगणात बिचारी धामण दिसली, की दांडका निघतो. धामण उंदीर खाते, चावली तरी विष नाही. पण तिला एवढी लांबी भोवते.

कासवाचं उलट. त्याला कुणी मारत नाही, त्याला 'सांभाळतात'. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिली आहे, जसं ते अवयव आत ओढून घेतं तशी इंद्रियं आवरावीत. इतका थोर अर्थ! आणि आपण त्याचं काय केलं? कुणीतरी सांगितलं की उत्तरेला कासव ठेवलं की पैसा येतो. मग पितळेचं आणलं, काचेचं आणलं, आणि तेवढ्याने भागेना म्हणून जिवंत आणलं. कच्छ-सौराष्ट्रातलं पाठीवर चांदण्या असलेलं कासव याच हौसेपायी पोत्यांत भरून देशोदेशी जात राहिलं. शेवटी 2019 साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास पूर्ण बंदी आली आणि 2022 च्या दुरुस्तीने आपल्याकडेही ते पहिल्या अनुसूचीत गेलं.

आता कुणी म्हणेल, साप काय आनंदाने पेटीत बसतो? प्रश्न रास्त आहे. पेटीतल्या सापाला मी मुक्त म्हणणार नाही. पण बॉल पायथन दिवसाचा बहुतेक वेळ बिळात काढणारा प्राणी आहे, आणि पिंजऱ्यातच जन्मलेल्या सापाला परत सोडायला इथे त्याचं रान नाही. त्याला इथल्या रानात सोडणं तर महापाप. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दलदलीत पाळलेले बर्मी अजगर सुटले, आणि तिथले ससे, रॅकून दिसेनासे झाले. म्हणून साप घेणाऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात. तो पिंजऱ्यातच जन्मलेला आहे का, कारण आफ्रिकेतून रानातले पकडूनही विकले जातात. कागद आहेत का. आणि आपण वीस-तीस वर्षं त्याला सांभाळू शकतो का, कारण तो तेवढा जगतो. यातलं एक जरी जमत नसेल तर घेऊ नये. आणि आपल्याकडचे नाग, घोणस, धामण, अजगर यांना तर हातच लावू नये. नागाचा मुका घेऊन व्हिडिओ काढणाऱ्यांना मी सर्पमित्र मानत नाही.

पण एवढं सगळं नीट करणाऱ्या मुलाला घरच्यांनी वाळीत टाकावं, हे मला मान्य नाही. उलट अशा घरातून भीती जाते आणि माहिती येते. आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी 58 हजार माणसं मरतात, असा 2020 सालचा अभ्यास सांगतो. यातले बरेच मृत्यू साप ओळखता न आल्याने, मांत्रिकाकडे वेळ गेल्याने, सापाला मारायला धावल्याने होतात असं मला वाटतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार ओळखता आले तरी निम्मी भीती जाईल. भाच्याच्या खोलीच्या भिंतीवर या चौघांची चित्रं होती. गल्लीतली पोरं साप बघायला यायची आणि चित्रं बघून जायची.

आणि बडोदेकरांना हे कठीण नाही. त्यांच्या गावाच्या मधून मगरी वाहतात! विश्वामित्री पावागडाहून निघून शहराच्या पोटातून जाते, आणि तिच्यात चारशेहून अधिक मगरी असल्याचं 2025 च्या मोजणीत दिसलं. 2024 च्या ऑगस्टमधल्या पुरात मगर छपरावर चढली, रस्त्यावर आली. पुढे दोन तरुण एका मगरीला स्कूटरवर आडवी धरून वनखात्याकडे घेऊन निघालेले साऱ्या देशाने पाहिले. मगरीला मारायचं नाही, वनखात्याकडे पोचवायचं, हे ज्या गावाला कळतं त्याला कासवाचं का कळू नये?

याच नदीच्या काठात कासवं अंडी घालतात. पुरानंतर 2025 मध्ये पात्र खोल-रुंद करायचं मोठं काम निघालं. पूर कुणालाच नको, तेही खरं. पण काठ उभा तासला, दगड-सिमेंटने बांधला, की कासवाला चढायला जागा उरत नाही. कासवावर प्रेम असेल तर ते टबात दाखवू नये, काठासाठी दाखवावं. पाण्यातलं मेलेलं-सडलेलं खाऊन नदी साफ ठेवणारा हा फुकटचा नोकर आहे. गंगेच्या शुद्धीकरणासाठी सरकारने कासवं वाढवून सोडली होती ती उगाच नव्हे.

हे जमतं. आमच्या मोरजीला, आगोंदला, गालजीबागेला पूर्वी कासवाची अंडी लोक खात. आज त्याच गावांतली माणसं रात्री घरट्यांची राखण करतात. कोकणात वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून काम केलं आणि पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक लांबून येऊ लागले. कासव घरात न आणताही गावात लक्ष्मी आली ती अशी!

असो. अण्णांनी दोन दिवस विचार केला. कासव परस्पर नदीत सोडू या, असं त्यांचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. आजारी प्राणी थेट सोडला तर तोही मरतो आणि दुसऱ्यांनाही रोग देतो. शेवटी भाच्याने वनखात्याला फोन केला. माणसं आली, कासव घेऊन गेली. अण्णा टब धुवून उन्हात पालथा घालत होते तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. मला वाईट वाटलं, खोटं का बोला. सात-आठ वर्षांची सवय होती ती.

श्रावणात त्यांचा फोन आला. मागच्या अंगणात धामण आली होती. मी विचारलं, "मग? दांडका काढलात?" तर म्हणाले, "छे हो! पोराला हाक मारली. तो म्हणाला, आजोबा, जाऊ द्या तिला. मग दार लावून खिडकीतून बघत बसलो. केवढी लांब होती!"

त्या टबात आता तुळस लावली आहे, असं बहीण सांगत होती.