रस्ता खोदून पाहिल्यावर

इंडोनेशियाच्या जावा बेटावर 2003-04 मध्ये अभियंत्यांच्या तुकड्या गावोगावी जाऊन नुकतेच झालेले रस्ते खोदत होत्या. वाळू, दगड आणि खडी यांचे थर किती जाड आहेत ते मोजायचे, त्या भागातले साहित्याचे भाव आणि मजुरीचे दर काढायचे, मजुरांना खरोखर किती दिवस काम मिळाले हे गावकऱ्यांना विचारायचे आणि त्यावरून रस्त्याला किती खर्च आला असेल याचा हिशेब मांडायचा. मग तो गावाच्या कागदोपत्री खर्चाशी ताडून पाहायचा. अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांचा हा अभ्यास 600 हून अधिक गावांत चालला. काम करताना थोडी वाळू वाहून जाते, थोडी खडी सांडते. ही स्वाभाविक घट चोरीत धरली जाऊ नये म्हणून त्यांनी आधी स्वतः छोटे चाचणी-रस्ते बांधून पाहिले होते!

विकसनशील देशांतला भ्रष्टाचार मोजण्याचे जे प्रयत्न आजवर झाले, त्यांत इतका प्रामाणिक प्रयत्न क्वचितच सापडेल. ओल्केन यांनी गावकऱ्यांना आणखी एक प्रश्न विचारला होता: या रस्त्याच्या कामात पैसे खाल्ले गेले असे तुम्हाला वाटते का? लोकांना थोडाफार अंदाज होता, पण थोडाफारच. भाव फुगवला असेल तर तो त्यांच्या लगेच लक्षात येई, कारण वाळूचा भाव गावात सगळ्यांना ठाऊक असतो. शंभर गाड्या खडी लिहून सत्तरच टाकल्या तर मात्र ते कळणे अवघड. पैसे खाणाऱ्यांनाही हे पक्के माहीत होते. त्यामुळे चोरी बहुतेक मापात होती, भावात नव्हती.

जगभर गाजणाऱ्या निर्देशांकांकडे पाहताना जावातली ही खडी आठवायला हवी. बर्लिनच्या ‘ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनल’चा निर्देशांक 1995 पासून निघतो आणि तो नावापासूनच भ्रष्टाचाराच्या ‘धारणे’चा आहे. तज्ज्ञ आणि उद्योजक यांना काय वाटते, त्याची ती सरासरी असते. भारताला 2022 मध्ये 100 पैकी 40 गुण होते आणि क्रमांक 85 वा. पुढच्या वर्षी गुण 39 झाले आणि क्रमांक 93 वर घसरला. एका गुणाने आठ जागा गेल्या. संस्था स्वतः गुणांसोबत संभाव्य चुकीची मर्यादाही छापते, पण मथळ्यात ती कधीच येत नाही. मथळा येतो तो घसरणीचा. तलाठ्याच्या दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला सात-बाऱ्याच्या उताऱ्यासाठी त्या वर्षी जास्त द्यावे लागले की कमी, याचे उत्तर त्या आकड्यात नसते.

क्रमवारीचे दुसरे दुखणे याहून गंभीर आहे. जागतिक बँकेच्या ‘डूइंग बिझनेस’ अहवालात भारत काही वर्षांत 142 वरून 63 व्या क्रमांकावर आला तेव्हा केवढा उत्सव झाला! त्या अहवालात भारताचे मोजमाप फक्त मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांवरून होत होते. नांदेडला किंवा गोंदियाला कारखान्याची परवानगी किती दिवसांत मिळते, याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. सरकारांना क्रमांक हवा असतो आणि क्रमांक कशाने सुधारतो हे कळले की तेवढीच गोष्ट सुधारता येते. पुढे 2018 आणि 2020 च्या अहवालांत चीन, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि अझरबैजान यांच्या आकडेवारीत गैरप्रकार आढळले आणि सप्टेंबर 2021 मध्ये बँकेने हा अहवालच बंद केला. ज्या मोजपट्टीवर देशांची धोरणे वाकवली गेली, तिच्यावरच हात मारला गेला होता.

म्हणून मोजणे सोडून द्यायचे का? मुळीच नाही. युगांडाने काय केले ते पाहावे. 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात तिथल्या सरकारच्या हिशेबात प्राथमिक शाळांचे अनुदान नियमित सुटत होते. सुमारे 250 शाळांत जाऊन विचारले तेव्हा दिसले की 1991 ते 1995 या काळात त्यातले सरासरी 13 टक्केच शाळेपर्यंत पोहोचले होते. कित्येक शाळांना दमडीही मिळाली नव्हती. बाकीचा पैसा वाटेत, जिल्ह्याच्या पातळीवर, जिरत होता. यानंतर सरकारने जिल्ह्याला किती रक्कम पाठवली ते वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळांत फलकावर लावायला सुरुवात केली. 2001 पर्यंत हे प्रमाण 80 टक्क्यांच्या वर गेले. सगळे श्रेय वर्तमानपत्रांचे नाही, त्याच काळात इतरही सुधारणा झाल्या, असे काही अभ्यासक म्हणतात आणि ते बरोबर असावे. तरीही आपल्या शाळेला किती यायला हवे होते हे मुख्याध्यापकाला आणि पालकाला पहिल्यांदाच कळले, ही साधी गोष्ट नव्हे.

याच जातीचे काम मुंबईच्या झोपडपट्ट्यांत जन्मलेल्या ‘प्रथम’ या संस्थेने 2005 पासून ‘असर’ अहवालातून देशभर केले. स्वयंसेवक घरोघर जातात आणि मुलाच्या हातात एक कागद देतात: अक्षरे, शब्द, छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल वाचते किंवा अडखळते, आई शेजारी उभी राहून ऐकते. शाळेत नाव असलेल्या मुलांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले म्हणून सरकारे समाधानी होती. पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, हे या कागदाने दाखवले. 2024 च्या अहवालातही ग्रामीण भारतात तो वाचू शकणारी पाचवीची मुले निम्म्याहून थोडी कमीच आहेत. ही पद्धत पाकिस्तान, केनिया, टांझानिया, युगांडा इथपर्यंत गेली. महाराष्ट्राने जगाला दिलेल्या गोष्टींत हा कागद अभिमानाने मोजावा असा आहे.

परदेशी निर्देशांक आला की ‘ही केवळ धारणा आहे’ असे दिल्लीतून उत्तर येते. उत्तरात तथ्य आहे. पण मग स्वतःची मोजणी चोख हवी. 2017-18 चे उपभोग-खर्चाचे सर्वेक्षण दर्जाचे कारण देऊन प्रसिद्धच केले गेले नाही. 1881 पासून दर दहा वर्षांनी होत आलेली जनगणना 2021 मध्ये झाली नाही आणि तिची तारीख आता 2027 वर गेली. तोवर स्वस्त धान्य किती लोकांना द्यायचे, याचा हिशेब 2011 च्या लोकसंख्येवर चालत आला. या काळात किती गरिबांचे नाव यादीबाहेर राहिले असेल, या विचाराने अस्वस्थ व्हायला हवे.

मोजणीने चोरी थांबते का, हे पाहण्याचाही प्रयोग जावात झाला होता. काही गावांत लोकांना हिशेबाच्या सभेला मोठ्या संख्येने बोलावले. त्याचा सरासरी परिणाम फारसा दिसला नाही. दुसऱ्या काही गावांना काम सुरू होण्याआधीच सांगितले की सरकारी लेखापरीक्षक नक्की येणार आणि निष्कर्ष गावाच्या सभेत वाचून दाखवणार. तिथे गायब होणाऱ्या खर्चाचे प्रमाण सुमारे 8 टक्के-बिंदूंनी घटले. (त्या गावांत पदाधिकाऱ्यांचे नातेवाईक मात्र कामावर जास्त दिसू लागले.)

महाराष्ट्राला हे परके वाटू नये. रोजगार हमीचा कायदा इथे 1977 मध्ये झाला आणि खोट्या हजेरीपटांविरुद्धची लढाईही इथल्या मजूर संघटनांनी लढली. 2005 च्या केंद्रीय कायद्याने ग्रामसभेत सामाजिक अंकेक्षण आणले. त्याला आता जावाची जोड द्यायला हवी. दर तालुक्यात चिठ्ठ्या टाकून काही रस्ते निवडावेत, बाहेरच्या अभियंत्याने ते सर्वांदेखत खोदावेत, मोजमाप पुस्तिकेत लिहिलेली जाडी आणि खड्ड्यात दिसलेली जाडी यांचे आकडे शेजारी शेजारी लिहावेत आणि ते ठेकेदार व शाखा अभियंता यांच्या उपस्थितीत ग्रामसभेत वाचावेत. कोणता रस्ता निघेल हे मात्र देयक मंजूर होईपर्यंत कोणालाही कळता कामा नये.