मॉर्फीनच्या गोळ्यांविषयी

हरणी (बडोदे) येथील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या सासऱ्यांस कर्करोग असून ट्रामाडॉलने वेदना आवरेनाशी झाल्यावर डॉक्टरांनी मॉर्फीनच्या गोळ्या लिहून दिल्या. घरची मंडळी म्हणतात, "ही तर अफू! त्यापेक्षा सौम्य औषधच जास्त घेऊ." गोळ्या पाच दिवस फडताळात पडून आहेत आणि सासरे रात्र रात्र कण्हत आहेत.

अफू, हे खरेच. मॉर्फीन आणि कोडीन दोन्ही अफूच्या बोंडातून निघतात. नीमच-मंदसोरकडे सरकारी परवान्याने हे पीक काढतात. परंतु वजनास वजन लावून पाहिले तर औषधा-औषधांत मोठे अंतर आहे. पोटात घेतलेल्या मॉर्फीनच्या मानाने कोडीनची शक्ती सुमारे दशांश. ट्रामाडॉलची दशांश ते पंचमांश. तेच मॉर्फीन टोचून दिले तर एक तृतीयांश मात्रा पुरते. फेंटानिल टोचलेल्या मॉर्फीनच्याही सुमारे शंभरपट तीव्र, म्हणून ते मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. शंभरपट तीव्र म्हणजे शंभरपट गुणकारी मात्र मुळीच नव्हे! थोड्या वजनात तेवढेच काम होते, इतकाच त्याचा अर्थ. आणि सौम्य औषध वाढवीत नेण्यास सीमा असते. ट्रामाडॉल दिवसास ४०० मिलिग्रॅमपलीकडे नेल्यास झटके येण्याचे भय. अतिवृद्धांस ही सीमा आणखी खाली. कोडीन तर यकृतात मॉर्फीन बनल्यावरच लागू पडते, आणि काहींच्या देहात ते पुरेसे बनतच नाही.

मॉर्फीन थोडक्यापासून आरंभून वेदनेच्या मानाने चढवितात. बद्धकोष्ठ बहुधा होतेच. रेचक पहिल्या दिवसापासून मागून घ्यावे. रोगी हाक मारूनही जागा होईना, श्वास मंदावला, तर तत्काळ डॉक्टरांस बोलवावे. एकाची गोळी अथवा फेंटानिलची पट्टी दुसऱ्यास कदापि देऊ नये.

हे पाप आहे काय, असेही भगिनी विचारतात. परमगुरू बारावे पायस ह्यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी डॉक्टरांसमोर ह्याचे उत्तर दिले आहे. अन्य उपाय नसल्यास वेदनाशमनार्थ अशी औषधे द्यावीत. त्यायोगे शुद्धी मंदावली, आयुष्य काहीसे उणे झाले, तरी ते धर्मास संमत आहे. मात्र रोग्याच्या धार्मिक व इतर कर्तव्यांस बाधा येऊ नये. म्हणून सासरे शुद्धीवर असतानाच धर्मगुरूंना बोलवावे, पापनिवेदन व ख्रिस्तप्रसाद उरकून घ्यावा. वांद्र्याच्या शांती आवेदना सदनात १९८६ पासून कर्करोगाच्या असाध्य रोग्यांची शुश्रूषा होत आली आहे, तीही विनामूल्य.

ट्रामाडॉल चालू ठेवावे की थांबवावे, एवढे डॉक्टरांस आजच विचारावे आणि मॉर्फीनची पहिली मात्रा रात्र पडण्यापूर्वी द्यावी.